प्रा. वि. म. दांडेकरांची मोजपट्टी

दारिद्र्याविषयी आपल्याकडे कळवळ्याने पुष्कळ लिहिले गेले आहे. मोजून मात्र फार थोडे. कळवळ्याने वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते, पण ते सुकले की प्रश्न जेथल्या तेथे राहतो. प्रा. विनायक महादेव दांडेकर (१९२०–१९९५) यांनी याहून रुक्ष, परंतु अधिक टिकाऊ मार्ग धरला. शिक्षण, दारिद्र्य आणि प्रादेशिक असमतोल या विषयांवरील त्यांचे तीन प्रबंध एकापाठोपाठ वाचण्याचा योग आम्हांस येथे नाचणगावी नुकताच आला. त्यांविषयी आदरपूर्वक, परंतु मोकळेपणाने, चार शब्द लिहावेत असे वाटते.

पहिला प्रबंध १९५५ सालचा. पुण्याच्या गोखले संस्थेच्या वतीने सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणात होणाऱ्या गळतीची व स्थगितीची केलेली ही पाहणी होय. नव्या शाळा किती निघाल्या, पटावर नावे किती चढली, यातच समाधान मानण्याचा तो काळ होता. दांडेकरांनी हिशेब उलट बाजूने मांडला. नाव घातलेल्या मुलांपैकी मध्येच शाळा सोडणारी किती, एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून पडणारी किती, हा त्यांचा प्रश्न. येथे मोजावयाची वस्तू शाळा नसून मूल आहे. आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडील कापसाच्या मुलुखात या प्रश्नाचे मर्म कोणासही सांगावे लागत नाही. बोंडे फुटली की आई वेचणीला जाते, धाकट्या भावंडास सांभाळावयास थोरली मुलगी घरी राहते, आणि पटावर तिचे नाव जसेच्या तसे असते.

दुसरा प्रबंध नीलकंठ रथ यांच्या सहकार्याने लिहिलेला व १९७१ च्या आरंभी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेला. ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हे त्याचे नाव. माणशी दररोज २,२५० उष्मांक देणारे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर पदरात पडते, ती दारिद्र्याची सीमा, असे त्यांनी ठरविले. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये, अशी ही रेघ निघाली. आणि खेड्यांतील सुमारे ४० व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आढळले. पुढील सात-आठ वर्षांच्या विकासाने शहरांतील तळच्या वीस टक्क्यांची स्थिती सुधारली तर नाहीच, उलट खालावली, हा त्यांचा निष्कर्ष नियोजनाच्या अभिमान्यांस झोंबणारा होता. जागतिक बँकेने गरीब देशांसाठी दिवसाला एक डॉलरची सीमा प्रसृत केली ती १९९० साली. आपल्याकडे हा विचार त्याच्या कितीतरी आधी झाला होता.

या रेघेवर सर्वांत मार्मिक आक्षेप घेतला तो मूळच्या सातारा जिल्ह्यातीलच एका थोर संख्याशास्त्रज्ञाने, डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलत असते. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली जो जो दिसेल तो तो उपाशी, असे म्हणता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. दूषित पाणी व वारंवार होणारे रोग असतील तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले. सुखात्म्यांचा हा दुसरा मुद्दा आम्हांस पूर्ण मान्य आहे. पहिल्या मुद्द्यावरून मात्र रेघ खाली ओढावी हे आम्हांस पटत नाही. कमी खाऊन जगता येते म्हणून कोणी कमी गरीब ठरत नाही.

तिसरे लेखन म्हणजे १९८३ साली राज्य सरकारने नेमलेल्या व दांडेकर अध्यक्ष असलेल्या समितीचा १९८४ चा अहवाल. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादींत जो जिल्हा राज्याच्या सरासरीहून मागे, त्याची उणीव मोजून ती भरून काढण्याचा खर्च समितीने रुपयांत मांडला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या वर निघाला, आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. आमच्या प्रांताच्या केवळ गाऱ्हाण्यास या अहवालाने प्रथमच आकड्यांचे बळ दिले. हे ऋण आम्ही विसरणार नाही.

तथापि तिन्ही लेखने शेजारी ठेवली असता एक गोष्ट खटकते. सातारच्या पाहणीत मूल मोजले गेले. १९७१ च्या प्रबंधात माणशी खर्च. १९८४ च्या अहवालात जिल्हा. मोजपट्टी जसजशी लांब झाली तसतसा माणूस तिच्यावरून दिसेनासा झाला. आमचे नाचणगाव पुलगावास लागून आहे. पुलगावास रेल्वे आली, कापडाची गिरणी आली, लष्कराचा दारूगोळा डेपो आला. जिल्ह्याच्या बेरजेत त्या गावाच्या सोयी आणि आडरानातील वस्तीवरून दवाखान्यापर्यंतची पायपीट एकाच रकान्यात पडतात. जिल्ह्याची सरासरी सुधारली तरी त्या वस्तीची पायपीट कमी झाली असे म्हणता येत नाही.

हा दोष सर्वस्वी दांडेकरांचा म्हणणे अन्यायाचे होईल. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठीच समिती नेमली होती. तिने ते काम चोख केले. दोष असेल तर तो अहवालाच्या वाचकांचा, म्हणजे आमचाही. आम्ही त्यातील कोटींचे आकडे पाठ केले, सभांतून म्हटले, आणि पैसा आला किंवा न आला एवढ्यावरच वाद घालीत बसलो. खोल्या बांधल्या गेल्या तर त्यांत मुले टिकली काय, दवाखाना निघाला तर तान्ही बाळे जगली काय, हे विचारावयाचे राहिले. वास्तविक तसे विचारण्याची रीत त्याच लेखकाने १९५५ सालीच घालून दिली होती.

म्हणून आमची शिफारस अशी की, दांडेकर वाचावयाचे तर उलट्या क्रमाने वाचावेत: अहवालापासून आरंभ करून सातारच्या मुलांपाशी थांबावे. आणि ते वाचून झाल्यावर ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेचा पट हाती घेऊन, गतवर्षी नाव असलेले कोणते मूल आज वर्गात नाही, हे एकदा तरी पाहावे.