उपशामक सेवेतील संलग्न आरोग्य व्यावसायिक आणि महाजालावरील पुरावाधिष्ठित साधने : 'केअरसर्च'ची एक चिकित्सा

प्रास्ताविक

जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या रुग्णाची वेदना, धाप, भीती आणि एकाकीपण यांचा परिहार करणे व त्याच्या कुटुंबाला आधार देणे हे उपशामक सेवेचे कार्य होय. या सेवेचा विचार करताना सामान्यतः डॉक्टर आणि परिचारिका यांचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात रुग्णाला अंथरुणावरून खुर्चीत कसे बसवावे हे भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवितो. न्हाणीघरात आधाराचा दांडा कोठे बसवावा हे व्यवसायोपचारतज्ज्ञ सांगतो. घास सुरक्षितपणे गिळला जाईल की नाही, याचा निर्णय वाचा व गिळण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे असतो. आहारतज्ज्ञ, औषधनिर्माता, मानसोपचारक आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ता हेही याच वर्तुळातील होत. या सर्वांना मिळून 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' असे म्हटले जाते.

या व्यावसायिकांना आपल्या कामासाठी विश्वसनीय ज्ञान कोठून मिळावे, या प्रश्नाचे एक उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले. अॅडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठातून चालविले जाणारे व तेथील केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यावर उभे असलेले 'केअरसर्च' हे ते उत्तर होय. प्रस्तुत लेखात या साधनाचे सामर्थ्य कोणते, ज्या 'पुराव्या'वर ते उभे आहे त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि त्या मर्यादांचा भार नेमका कोणावर पडतो, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

आधुनिक उपशामक सेवेच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, हे सर्वश्रुत आहे. त्या प्रथम परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर रुग्णालयातील समाजकार्यकर्त्या झाल्या आणि त्यानंतर १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, ही बाब मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी होणाऱ्या वेदनेला त्यांनी 'समग्र वेदना' म्हटले. तीन व्यवसायांच्या अनुभवातून गेलेल्या व्यक्तीलाच हा विचार सुचावा, यात नवल नाही. म्हणजेच संलग्न व्यावसायिक हा या शाखेत मागाहून आलेला पाहुणा नाही. तिच्या पायाभरणीतच त्याचा वाटा आहे.

दुसरीकडे पुरावाधिष्ठित वैद्यकाचा प्रवाह स्वतंत्रपणे वाढत होता. आर्ची कॉक्रन यांनी १९७२ मध्ये उपचारांची परिणामकारकता तपासूनच ते स्वीकारावेत, असा आग्रह धरला. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सहयोग उभा राहिला. डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुरावाधिष्ठित वैद्यकाची जी व्याख्या केली, तीत उत्तम बाह्य पुरावा आणि चिकित्सकाचे स्वतःचे कौशल्य यांची सांगड अभिप्रेत होती. पुढे या व्याख्येतील पहिला अर्धा भाग ठळक झाला आणि दुसरा पुसट होत गेला. 'केअरसर्च'चा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

साधनाचे स्वरूप व सामर्थ्य

उपशामक सेवेवरील लेखन एका ठिकाणी सापडत नाही. कर्करोग, हृदयरोग, वार्धक्यशास्त्र, परिचर्या, समाजकार्य अशा अनेक विषयांच्या नियतकालिकांत ते विखुरलेले असते. या अडचणीवर मात करण्यासाठी रूथ स्लॅडेक, जेनिफर टीमन, एमी अॅबरनेथी, डेव्हिड करो आदींनी एक शोध-गाळणी तयार केली व तिच्याविषयीचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कोणते शब्द योजले असता संबंधित लेख सापडतात आणि किती निसटतात, हे अंदाजाने न ठरविता प्रयोगाने मोजणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. ग्रंथालयशास्त्राची शिस्त रुग्णशय्येपर्यंत पोहोचविणारे हे काम मोलाचे आहे.

'केअरसर्च'वर ही गाळणी वापरून विषयवार शोध आधीच बांधून ठेवलेले आहेत. वाचकाने विषय निवडला की 'पबमेड' या वैद्यकीय सूचीतील त्या दिवसापर्यंतची नोंद त्याच्यासमोर येते. सर्व लेख पाहावयाचे की केवळ सबळ पुराव्याचे, मोफत उपलब्ध असलेले पूर्ण लेखच हवेत की सारांशही चालतील, हेही त्याला ठरविता येते. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. वृद्धांच्या सेवेसाठी याच परिवारात 'पॅलिएज्ड' हे साधन पुढे सिद्ध झाले.

या रचनेमागील जाण योग्य आहे. बहुतेक संलग्न व्यावसायिक केवळ उपशामक सेवेचे काम करीत नाहीत. आज गुडघ्याचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण, उद्या पक्षाघाताचा, आणि मधूनच एखादा अखेरच्या टप्प्यातील, असा त्यांचा दिनक्रम असतो. ऑस्ट्रेलियाच्या दूरवरच्या वस्त्यांत तर एकटाच भौतिकोपचारतज्ज्ञ विस्तीर्ण प्रदेश सांभाळतो. त्याच्या शेजारी विचारण्याजोगा ज्येष्ठ सहकारी नसतो. अशा वेळी गरज पडेल त्या क्षणी उपलब्ध होणारे, विनामूल्य आणि कोणत्याही औषध-कंपनीच्या जाहिरातीपासून मुक्त असलेले ज्ञान ही मोठीच सोय आहे.

पुरावा काय करू शकतो याचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. धाप लागलेल्या रुग्णाला प्राणवायू लावणे ही जवळजवळ सार्वत्रिक प्रथा होती. अॅबरनेथी, करो आदींनी २३९ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, ज्यांच्या रक्तात प्राणवायूची तीव्र कमतरता नाही अशांना नळीवाटे दिलेला प्राणवायू हा साध्या हवेपेक्षा अधिक उपयोगी ठरत नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील ५० रुग्णांच्या चाचणीत हातात धरावयाच्या छोट्या पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेतल्याने धाप कमी जाणवते, असे आढळले. महागड्या नळकांड्याची जागा एक पंखा व श्वास सावरण्याचे प्रशिक्षण घेऊ शकते, हे ज्ञान भौतिकोपचारतज्ज्ञाचे स्थान उंचावणारे आहे. येथे पुरावा संलग्न व्यावसायिकाच्या बाजूने उभा राहतो.

पुराव्याची उतरंड आणि तिच्या मर्यादा

सर्वच क्षेत्रांत असे घडत नाही. पुराव्याच्या प्रचलित उतरंडीत पद्धतशीर आढावे व यादृच्छिक नियंत्रित चाचण्या सर्वांत वर असतात, तर अनुभवकथन, मुलाखती व निरीक्षणे खाली. औषधाच्या बाबतीत ही उतरंड समर्थनीय आहे, कारण एका गोळीसारखीच दुसरी गोळी असते. समाजकार्यकर्त्याचा एक संवाद दुसऱ्यासारखा नसतो. त्यातच उपशामक सेवेतील चाचणीत भाग घेणारे रुग्ण चाचणी पूर्ण होण्यापूर्वीच खालावतात किंवा दगावतात.

कॅनडातील हार्वे चोचिनोव्ह यांच्या 'प्रतिष्ठा-उपचारा'ची चाचणी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. रुग्णाने आपल्या आयुष्यातील महत्त्वाचे प्रसंग सांगावेत, ते शब्दबद्ध करून त्याच्या हाती द्यावेत व त्याने ते आप्तांसाठी मागे ठेवावेत, असे या उपचाराचे स्वरूप आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४४१ रुग्णांची विभागणी करण्यात आली. त्यांपैकी ३२६ जणांनी ती पूर्ण केली. मनस्तापाच्या मुख्य मोजमापांत तीन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र हा उपचार मिळालेल्या रुग्णांनीच तो अधिक उपयोगी वाटल्याचे व आपली प्रतिष्ठा वाढल्याचे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात नोंदविले. मग या चाचणीचा निष्कर्ष काय मानावा? सारांशाची एक ओळ लिहिणारा 'मुख्य परिणाम नाही' असे लिहील. रुग्णाचे म्हणणे ऐकणारा वेगळे लिहील. दोघेही खोटे बोलत नाहीत. परंतु घाईत असलेला वाचक एकच ओळ वाचतो, आणि ती कोणती असावी हे साधनाच्या रचनेवर ठरते.

'केअरसर्च'ची मर्यादा येथे स्पष्ट होते. केवळ सबळ पुराव्याचा पर्याय निवडणाऱ्या वाचकासमोर औषधांविषयीचे लेखन भरघोस येते. संलग्न व्यवसायांविषयीचे तुलनेने तुटपुंजे येते आणि त्यातील गुणात्मक संशोधन बहुधा गळून पडते. हा दोष गाळणीचा नसून ज्या साठ्यावर ती चालते त्या साठ्याचा आहे, असे म्हणता येईल. तथापि, साठ्याचा तोल ढळलेला आहे ही गोष्ट प्रत्येक शोधाच्या माथ्यावर वाचकाला सांगणे हे साधनाचे कर्तव्य ठरते.

'पुरावा नाही' या शब्दांचा अर्थ

'पुरावा नाही' या दोन शब्दांत दोन भिन्न अर्थ दडलेले असतात. एक, तपासून पाहिले आणि उपयोग आढळला नाही. दोन, कोणी नीट तपासलेच नाही. नळीवाटे प्राणवायूची गोष्ट पहिल्या प्रकारची आहे. नळीवाटे अन्न देण्याविषयीचा कॉक्रन आढावा दुसऱ्या प्रकारचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०१४ मध्ये सुधारलेल्या या आढाव्याला उपशामक रुग्णांबाबत शिफारस करता येईल इतक्या दर्जेदार चाचण्याच सापडल्या नाहीत. ही दोन विधाने एकाच तक्त्यात, एकाच रंगात छापली गेली तर वाचकाची दिशाभूल होते.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. रुग्णालयाचा अंदाजपत्रक करणारा अधिकारी जेव्हा संगीतोपचारक किंवा समाजकार्यकर्ता यांच्या पदासाठी 'पुरावा' मागतो, तेव्हा 'अद्याप तपासलेले नाही' याचे रूपांतर 'उपयोग नाही' यात होणे सहज शक्य असते. ज्याच्या कामाचे मोजमाप अवघड, त्याचे पद प्रथम धोक्यात येते. त्याची झळ अखेर रुग्णाला बसते, कारण त्याच्या समग्र वेदनेचा एक भाग अशा वेळी कोणाच्याच कार्यकक्षेत राहात नाही. संलग्न व्यावसायिकांना बळ देण्यासाठी उभारलेले साधन नकळत त्यांच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकते, हा या चिकित्सेतील सर्वांत गंभीर मुद्दा होय.

घास आणि घोट

ज्ञान आणि निर्णय यांतील अंतर अन्नपाण्याच्या प्रश्नात सर्वाधिक जाणवते. एदुआर्दो ब्रुएरा आदींनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२९ रुग्णांपैकी काहींना रोज १००० मिलिलिटर आणि इतरांना केवळ १०० मिलिलिटर द्रव देण्यात आला. लक्षणांमध्ये फरक पडला नाही. हा पुरावा स्पष्ट आहे व सल्ला देताना तो उपयोगी पडतो. परंतु मेलबर्न वा सिडनी येथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. घरातील वृद्धेला गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे, म्हणून तज्ज्ञाने तोंडावाटे काही देऊ नये असे सांगितले आहे. मुलाला मात्र तिच्या मुखी गंगाजल व तुळशीपत्र घालावयाचे आहे. तो चमचाभर घोट पोषणासाठी नाही आणि तहानेसाठीही नाही. तो निरोप आहे.

येथे १२९ रुग्णांची चाचणी काहीच सांगत नाही, कारण तिने हा प्रश्न विचारलेलाच नाही. तज्ज्ञाला धोका समजावून सांगून, ओठ ओले करण्याची किंवा थेंबभर पाण्याची वाट काढावी लागते. सॅकेट यांच्या व्याख्येतील पुसट झालेला दुसरा अर्धा भाग तो हाच. व्यवसायवार विभागात लक्षणांच्या माहितीबरोबर असे निर्णय कसे घेतले गेले, त्यांत कोणती मूल्ये परस्परांसमोर उभी राहिली, यांची तपशीलवार उदाहरणे आली, तर साधन अधिक समृद्ध होईल.

आपल्या संदर्भात

हे संकेतस्थळ विनामूल्य असल्याने नाशिक वा पणजी येथील भौतिकोपचारतज्ज्ञही ते वाचू शकतो. भारतातील पहिले हॉस्पिस, 'शांती आवेदना सदन', १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला आणि संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला. व्यवसायाला कायद्याने ओळख मिळाली, त्या अर्थी ज्ञानसाधनांचा प्रश्न आपल्याकडेही उपस्थित होणे क्रमप्राप्त आहे. मात्र परदेशी साधनाचे केवळ भाषांतर पुरणार नाही. धापेसाठी पंखा जसाच्या तसा घेता येईल. न्हाणीघराची रचना, जमिनीवर बसून जेवण्याची सवय, रुग्णाला निदान सांगावे की नाही याविषयी कुटुंबाची भूमिका, हे घेता येणार नाही. ते येथेच नोंदवावे लागेल.

समारोप

'केअरसर्च'ने विखुरलेले ज्ञान शिस्तीने एकत्र आणले आणि एकट्या पडलेल्या व्यावसायिकाला सोबत दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याची उणीव आहे ती पुराव्याच्या उतरंडीला प्रश्न न विचारण्यात. यावर तीन उपाय सुचविता येतात. पहिला, 'तपासले व उपयोगी', 'तपासले व निरुपयोगी' आणि 'तपासलेले नाही' असे तीन वर्ग सर्वत्र वेगळे दाखवावेत. दुसरा, गुणात्मक संशोधनाला शोधात स्वतःचे दार असावे. तिसरा, नित्याच्या सेवेतून जमणाऱ्या नोंदींचा उपयोग करावा. ऑस्ट्रेलियात २००५ पासून उपशामक सेवेच्या परिणामांच्या नोंदी एकत्र करण्याचा राष्ट्रीय उपक्रम चालू आहे. त्याच्याशी संलग्न व्यवसायांचे काम जोडले गेले, तर चाचण्यांच्या अभावी रिकामे राहिलेले रकाने काही अंशी भरून निघतील.

पुरावा हा दिवा आहे. तो जेथे ठेवला आहे तेथेच उजेड पडतो. उरलेल्या खोलीत अंधार आहे याचा अर्थ तेथे कोणी काम करीत नाही असा होत नाही. मृत्यूच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांसाठी उभारलेल्या कोणत्याही ज्ञानसाधनाने एवढे भान वाचकाला दिले, तर ते आपले कार्य पूर्ण करील.