बुद्धिभ्रंश आणि खारबांध

श्री. अमिताव घोष यांचा 'द ग्रेट डिरेंजमेंट' हा २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या पाहण्यांत आला असेल. हवामान पालटत असतां आजची कादंबरी त्याविषयीं मुग्ध कां, हा त्यांचा प्रश्न मार्मिक आहे. एकट्या माणसाच्या मनोव्यापारांत गुंतलेल्या कलेस समुदायाचें संकट दिसत नाहीं, हें त्यांचें निदानही आम्हांस मान्य आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. उद्यां मुंबईवर चक्रीवादळच आलें तर काय होईल, याचें ग्रंथकारांनीं रेखाटलेलें चित्र अंगावर कांटा आणतें.

परंतु ठाण्याच्या खाडीपलीकडे, शिरवण्यास उभें राहून हाच ग्रंथ वाचला म्हणजे त्यांतील उणीव ध्यानांत येते. पूर्वींचे लोक उघड्या समुद्रापासून दूर वस्ती करीत, असें ग्रंथकार म्हणतात. दूर राहणें हें एक शहाणपण खरें; पण खाडीकांठच्या आगरी गांवांपाशीं दुसरें शहाणपण होतें. मातीचा बांध घालावा, भरतीला मिटणारी व ओहोटीला मोकळी होणारी उघाडी ठेवावी, आणि आंत भात पिकवावें. बांधास एके ठिकाणीं भगदाड पडलें तर साऱ्यांचीच शेतें खारीं होत. म्हणून त्याची डागडुजी हें साऱ्यांचें कर्तव्य होतें.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली व ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी सांठवण्यास अभियंत्यांनीं धारण-तलाव बांधले. त्यांच्या दारांची रीत उघाडीचीच आहे. पुढें गाळ व खारफुटी यांनीं तलावांची धारणशक्ति घटली; आणि खारफुटीस कायद्याचें संरक्षण असल्यानें गाळ उपसणेंही सोपें राहिलें नाहीं. युक्ति तीच राहिली; ती आपली मानून राखणारा समुदाय मात्र तिच्यापासून तुटला.

समुद्र चढत असतां बांध किती उंच असावा, हा प्रश्न अभियंत्याचा. तो कोणीं राखावा, आणि अडलेलें पाणी कोणाच्या अंगणांत जावें, हा प्रश्न समाजाचा आहे. ज्या समुदायाचा शोध घ्या, असें ग्रंथकार कादंबरीकारांस बजावतात, तो त्यांच्या स्वतःच्या मुंबई-चित्रांतही आम्हांस पुरेसा दिसला नाहीं. तथापि वाट त्यांनींच दाखविली आहे. उघाडीची ही कथा कोणी मराठी लेखक लिहील, तर या ग्रंथास त्याहून योग्य उत्तर आम्हांस सुचत नाहीं.