गाळलेली झोप : मुष्टियुद्धपट आणि वजने उचलणारा मुलगा

मुष्टियुद्धावरच्या चित्रपटांत एक प्रसंग ठरलेला असतो. पहाटेचा अंधार, रस्त्यावर एकटाच धावणारा नायक, दोरीवरच्या उड्या, बॅगेवर पडणारे ठोसे, घाम, चढत जाणारे संगीत आणि शेवटी उंचावलेले दोन हात. यालाच ‘ट्रेनिंग माँटाज’ म्हणतात. जॉन अॅव्हिल्डसनच्या ‘रॉकी’ने (1976) त्याला जे रूप दिले, तेच आजही चालते. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या चढणारा सिल्व्हेस्टर स्टॅलोन ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ठाऊक असतो. या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यातून काय गाळले जाते याविषयी, आणि ते गाळल्यामुळे कोणाचे नुकसान होते याविषयी.

नुकसान होते ते सतरा-अठरा वर्षांच्या, दोन वर्षे जिममध्ये वजने उचलणाऱ्या मुलाचे. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. एक दिवस त्याला वाटते, आता बॉक्सिंग शिकू. आठवड्याचे चार-पाच दिवस तो वजने उचलतच असतो. त्यावर तो बॉक्सिंगचे चार दिवस चढवतो, त्यावर पहाटेचे धावणे. आधीचे काहीच कमी करत नाही. दीड महिन्यात खांदे दुखू लागतात, झोप लागत नाही, नेहमीचे वजन जड वाटू लागते. मग तो स्वतःला आळशी ठरवतो आणि आणखी वाढवतो. हे गणित त्याला कोणी शिकवले? प्रशिक्षकाने तर नव्हे. माझ्या मते ते माँटाजने शिकवले.

माँटाज म्हणजे काळ आवळण्याची युक्ती. ‘रॉकी’ची कथा नोव्हेंबरअखेर सुरू होते आणि लढत होते 1 जानेवारीला. हाताशी असतात पाचेक आठवडे. त्यांतला सराव चित्रपट काही मिनिटांत दाखवतो. एवढे आवळायचे म्हणजे काहीतरी टाकून द्यावे लागणार. टाकले जाते ते दोन कष्टांमधले अंतर : झोप, जेवण, काहीच न करण्याची दुपार. पडद्यावर एका कष्टाला दुसरा कष्ट थेट जोडला जातो आणि प्रेक्षकाच्या मनात एक समीकरण पक्के होते की माणूस कष्ट करता करताच बळकट होतो. शरीरशास्त्र याच्या बरोबर उलट सांगते. कष्ट करताना शरीर झिजते, बळ येते ते नंतर, भरून निघताना. कॅमेऱ्यासमोर काहीच घडत नाही असे तास जे काम करतात, त्याचे श्रेय माँटाज घामाला देऊन टाकतो.

मूळ ‘रॉकी’वर मात्र अन्याय करायला नको. त्यात रॉकी पहिल्यांदा त्या पायऱ्या चढतो तेव्हा कळवळत, धापा टाकत कसाबसा वर पोहोचतो. शिवाय लढतीच्या आदल्या रात्री त्याची इच्छा केवळ पंधरा फेऱ्या उभे राहण्याची असते, जिंकण्याची नव्हे. आणि तो हरतोच. हा मुळात टिकण्याचा चित्रपट आहे. पायऱ्यांवरचा रॉकी भिंतीवरच्या पोस्टरमध्ये गेला, धापा टाकणारा तिथे पोहोचला नाही.

खरा बिघाड ‘रॉकी 4’मध्ये (1985) आहे. एकीकडे रशियन इव्हान ड्रॅगो : यंत्रे, संगणक, आकडे टिपणारे शास्त्रज्ञ, इंजेक्शन. दुसरीकडे बर्फात लाकडे कापणारा, ओंडके वाहणारा, डोंगर चढणारा रॉकी. शीतयुद्धातला प्रचार म्हणून हे सगळ्यांनी ओळखले. पण त्याखाली आणखी एक प्रचार आहे, त्याकडे कमी लक्ष गेले. मोजमाप म्हणजे खलनायक आणि न मोजलेले कष्ट म्हणजे सद्गुण, असा तो प्रचार. इंजेक्शन आणि वही एकाच पारड्यात टाकली गेली. वजने उचलणाऱ्या मुलाची यात गंमतशीर कुचंबणा होते, कारण त्याचा स्वतःचा खेळ वहीवर चालतो. किती किलो, किती सेट, किती रेप, दोन सेटमध्ये किती मिनिटे विश्रांती, हे तो लिहून ठेवतो. सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मॅत्वेयेव यांनी 1960च्या दशकात वर्षभराच्या सरावाची टप्प्याटप्प्यांची आखणी शास्त्र म्हणून मांडली. भार चढवायचा तसा ठरवून उतरवायचाही, हा तिचा गाभा. हाच मुलगा ग्लोव्ह्ज घातले की वही घरी ठेवतो, कारण त्याच्या मनातला बॉक्सर वही ठेवत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला कुठल्याच मुष्टियुद्धपटात नीट सापडला नाही. वजने उचलणाऱ्याला अंग आवळायची सवय असते. श्वास रोखायचा, पोट-पाठ घट्ट करायची आणि मग जोर लावायचा. मुष्टियुद्धात अंग सैल हवे. ठोसा लागतो त्या क्षणी मूठ आवळायची, एरवी खांदा मोकळा, श्वास चालू. नवखा लिफ्टर तीन मिनिटांची फेरी सगळे अंग आवळून खेळतो आणि दुसऱ्या मिनिटाला दम सोडतो. त्याचा निष्कर्ष : माझा स्टॅमिना कमी आहे, धावणे वाढवले पाहिजे. प्रत्यक्षात त्याला कमी जोर लावायला शिकायचे असते. दुखणे तंत्राचे आणि औषध कष्टाचे, अशी ही गफलत आहे. अतिसरावाची सुरुवात बहुतेकदा इथेच होते.

क्लिंट ईस्टवुडचा ‘मिलियन डॉलर बेबी’ (2004) या बाबतीत जास्त शहाणा आहे. या खेळात सगळेच उलटे असते, हे त्यातला निवेदक स्क्रॅप सुरुवातीलाच बजावतो. मॅगी बॅगेवर जीव तोडून ठोसे मारते आणि त्यांत काहीच नसते. आधी पाय, तोल, अंतर शिकावे लागते. फ्रँकी हा ‘अजून नाही’ म्हणणारा प्रशिक्षक आहे. त्याचा तयार झालेला बॉक्सर विली, किताबाच्या लढतीसाठी तो थांबवतच राहतो म्हणून, त्याला सोडून जातो. चित्रपट या सावधपणाला भित्रेपणाची छटा देतो, पण त्याची मुळेही दाखवतो. स्क्रॅपने त्याच्या एकशेनवव्या लढतीत एक डोळा गमावला आहे आणि ती लढत आपण थांबवू शकलो नाही, हे फ्रँकीच्या मनातून जात नाही. थांबवता येणे ही प्रशिक्षकाची सर्वांत मोठी विद्या, हे सांगणारे चित्रपट थोडे आहेत.

आपल्याकडचा राकेश ओमप्रकाश मेहरांचा ‘तूफान’ (2021) मात्र पुन्हा जुन्या वाटेला जातो. डोंगरीतला अझीझ, परेश रावलने उभा केलेला नाना प्रभू, मुंबईतल्या मुष्टियुद्धाचे वातावरण, हे सगळे जवळचे वाटते. पण पाच वर्षांच्या बंदीनंतर सुटलेल्या शरीराने परतलेला अझीझ पुन्हा घडतो तो माँटाजमध्येच. फरहान अख्तरने भूमिकेसाठी खरोखर वजन वाढवले आणि उतरवले. त्या कामाला जो वेळ लागला तो पडद्यावर कुठेच नाही.

या उणिवेवरचा उतारा मला एका पुस्तकात मिळाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लोइक वाकाँ 1988मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातल्या वुडलॉन इथल्या जिममध्ये दाखल झाला, तीन वर्षे तिथे शिकला आणि ‘गोल्डन ग्लोव्ह्ज’ स्पर्धेत एक लढत खेळला. ‘बॉडी अँड सोल’ हे त्या अनुभवाचे पुस्तक. बॉक्सरकडे शरीर हेच भांडवल असते आणि ते उधळायचे नसते, हा त्यातला धागा. कोणी कोणाशी, किती, किती जोराने स्पारिंग करायचे हे म्हातारा प्रशिक्षक डीडी ठरवतो. तिथला सराव कंटाळवाणा आहे, त्याच त्या गोष्टी पुन्हापुन्हा आहेत. शेवटी वाकाँ पुढच्या लढतीचा विषय काढतो तेव्हा डीडी त्याला थांबवतो : तुझी लढत झाली, आता पुस्तक लिही. माँटाजमध्ये हे वाक्य बसवायला जागाच नाही.

मापाची ही दृष्टी परकी आहे असेही नाही. आयुर्वेदाने व्यायामाची मर्यादा अर्धशक्ती, म्हणजे आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंत, अशी घातली आहे. अति व्यायाम, अति जागरण करणाऱ्याला वाग्भट हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा देतो. सिंह दुबळा नाही, पण ओढण्याच्या भरात मरतो. अतिसरावाचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही, कारण त्याला बळी पडतात ती मेहनती मुलेच. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी 1980मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात ताकद आणि दमसास दोन्ही एकदम वाढवू पाहणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढत गेली, मग थबकली आणि शेवटच्या आठवड्यांत घसरली. अर्थात त्यांचा सराव भरगच्च होता. माफक सरावात दोन्ही एकत्र नांदतात. प्रश्न मापाचा आहे.

मग त्या मुलाने काय करावे? बॉक्सिंग आठवड्यातून दोन दिवस सुरू करावे आणि त्याच वेळी वजनांचे दिवस दोनवर आणावेत. किलो तेच ठेवून सेट निम्मे केले तर कमावलेली ताकद सहसा टिकते. जड स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी लांब धावू नये. बॅग मारण्याआधी बेंच प्रेस नको, थकलेला खांदा चुकीचा ठोसा शिकतो. पहिले काही महिने स्पारिंगची घाई नको. वजनगटासाठी उपाशी राहणे तर नकोच : सराव वाढवून अन्न कमी करणे ही सर्वांत वाईट जोडी. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी उठल्यावरची नाडी काही दिवस सलग वाढलेली राहिली, भूक मेली, चिडचिड वाढली, तर तो आठवडा हलका करावा. तरी फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जावे.

यावर कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे सरावाचे पाठ्यपुस्तक नव्हे. मान्य. पण ज्या मुलाला परवडणारा, जाणता प्रशिक्षक मिळत नाही, त्याच्यासाठी पडदा हाच प्रशिक्षक असतो. आणि हा प्रशिक्षक ‘आज पुरे’ असे कधीच म्हणत नाही. ते म्हणायची जबाबदारी मुलावरच येते. त्याने ती वही पुन्हा काढावी, किलो आणि फेऱ्यांच्या शेजारी झोपेचा एक रकाना आखावा आणि तोही तितक्याच इमानाने भरावा.