बार्सिलोनाचा किनारा कुठे संपतो? अभ्यासक्षेत्राच्या हद्दीविषयी थोडं

शहरनियोजनावरचं काहीही वाचायला घ्या, बार्सिलोनाचं उदाहरण येतंच. कारखाने आणि रेल्वेरुळांमुळे समुद्रापासून तुटलेल्या या शहराने १९९२च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने किनारा लोकांसाठी खुला केला. १९९९ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेचं ‘रॉयल गोल्ड मेडल’ एखाद्या व्यक्तीऐवजी चक्क या शहराला मिळालं. हे यश खोटं नाही. माझा आक्षेप आहे तो यश मोजण्याच्या पद्धतीवर.

एका कार्यशाळेसाठी तिथे गेले होते, तेव्हा एक दुपार मोकळी मिळाली. बार्सेलोनेतापासून किनाऱ्याने उत्तरेकडे चालत निघाले. पुळणींवर सगळीकडे गर्दी. साडेचार-पाच किलोमीटरवर २००४च्या ‘फोरम’ महोत्सवासाठी बांधलेला अवाढव्य चौक लागतो, तिथे गर्दी संपते. पर्यटकांचा नकाशाही बहुधा इथेच संपतो.

पुढे बेसोस नदीच्या मुखाशी सांत आद्रिआ दे बेसोस हे वेगळ्या नगरपालिकेचं छोटं गाव आहे. तिथे बंद पडलेल्या वीजकेंद्राची तीन धुराडी उभी आहेत. उंची सुमारे २०० मीटर, म्हणजे साग्रादा फामिलियाच्या १७२.५ मीटरपेक्षाही जास्त! महानगराचा कचरा जाळणारा प्रकल्प याच पट्ट्यात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रही इथेच, तेही फोरमच्या चौकाच्या पोटात.

आधी मला ही निव्वळ झाकपाक वाटली. पण तसं म्हणणं अन्यायाचं होईल. कचरा जाळून मिळणाऱ्या वाफेवर आसपासच्या इमारतींना उष्णता आणि गारवा पुरवला जातो. अभियांत्रिकी म्हणून हे काम चांगलंच आहे.

गडबड आहे ती जमाखर्चात. पुळणी बार्सिलोनाच्या खात्यात जमा, धुराडी आणि कचरा सांत आद्रिआच्या नावे खर्ची. माणसांचंही तेच झालं. फोरम जिथे आहे तो भाग म्हणजे पूर्वीचा कांप दे ला बोता. १९३९ ते १९५२ या काळात फ्रँकोच्या राजवटीने इथे दीड हजारांहून अधिक लोकांना गोळ्या घातल्या. नंतर इथल्या झोपडवस्तीतल्या अनेकांना सांत आद्रिआतल्या ला मिना वसाहतीत हलवण्यात आलं. नदीच्या अलीकडे रेघ मारून अभ्यास केला, तर यातलं काहीच हिशेबात येत नाही आणि ‘बार्सिलोना मॉडेल’ स्वच्छ दिसतं.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितेय खरं, पण माझ्या प्रबंधात मी हेच केलं होतं. गाळाच्या नमुन्यांची ठिकाणं महापालिकेच्या हद्दीपर्यंतच ठेवली. कारण एवढंच की जुना डेटा तिथपर्यंत होता. नाला मात्र हद्द ओलांडून पुढच्या गावाच्या खाडीला मिळतो. परत आल्यावर पुढची चार ठिकाणं घेतली, तर हद्दीजवळ कमी झालेलं शिशाचं प्रमाण तिथे पुन्हा वाढलेलं निघालं. ‘प्रदूषण खालच्या दिशेने घटतं’ हे वाक्य प्रगती अहवालातून मागे घ्यावं लागलं. सहा महिने गेले.

म्हणून सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, ‘अभ्यासक्षेत्र’ हा विभाग दोन ओळींत उरकू नका. हद्द कुणी आखली, प्रशासनाने की पाण्याच्या प्रवाहाने? तुम्ही मोजताय त्याचा लाभ कुणाला मिळतो आणि घाण कुठे जाते? रेघ एक किलोमीटर पुढे सरकवली तर निष्कर्ष टिकेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल, तर तो किलोमीटर आधी चालून या.

२०२४ मध्ये ‘मॅनिफेस्टा’ या युरोपीय कलामहोत्सवाचं प्रदर्शन त्या तीन धुराड्यांच्या इमारतीत भरलं, तेव्हा बाहेरचे लोक तिकडे वळले. सांत आद्रिआच्या लोकांना मात्र ती धुराडी कायमच दिसत होती.