माहितीपत्रकात काय नाही? : पदवीचा नवा आराखडा आणि आपली सार्वजनिक महाविद्यालयं



समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत तो दरवर्षी जून महिन्यात हजारो घरांत वाचला जातो आणि जुलैत रद्दीत जातो. तो मजकूर म्हणजे महाविद्यालयाचं माहितीपत्रक. पूर्वी पन्नास-शंभर रुपयांना खिडकीवर मिळायचं, आता संकेतस्थळावर असतं. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांची अशी बरीच माहितीपत्रकं आम्ही नजरेखालून घातली. कोणाचंही नाव घेणार नाही. कारण गंमत अशी, की नाव झाकलं तर कुठलं कोणाचं हे ओळखता येत नाही. प्राचार्यांचं मनोगत, सर्वांगीण विकास, निसर्गरम्य परिसर, सुसज्ज ग्रंथालय. क्रमसुद्धा तोच.

मग यात समीक्षा करण्यासारखं काय आहे? आहे. अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आणि सार्वजनिक संस्था यांच्यातला हा पहिला लेखी करार आहे. घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचत असेल, तर त्या घराला उच्च शिक्षण म्हणजे काय हे या पानांवरूनच कळतं. म्हणून हा मजकूर गंभीरपणे वाचायला हवा.

वाचायचा कसा? आमच्या विषयातून एक साधन घेतो. भाट्ट मीमांसक सहा प्रमाणं मानतात. त्यांतलं सहावं अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही, यावरून कळतं. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण म्हणून मान्य नाही, तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरायला नको. पण त्यात एक महत्त्वाची अट आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. समीक्षकाला ही अट फार उपयोगाची आहे. माहितीपत्रकात जे असायलाच हवं होतं, तेवढ्याच्याच अनुपस्थितीबद्दल आपण बोलायचं. उगाच आकाशातलं फूल मागायचं नाही.

आधी काय आहे ते पाहू. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा श्रेयांक आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रात तो २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षीपासून संलग्न महाविद्यालयांत आला. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला ६०, दुय्यम विषयाला २४, बहुविद्याशाखीय विषयांना ९, शिवाय भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एक श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण पंधरा तासांचं अध्यापन, प्रात्यक्षिक असेल तर तीस तास.

या आराखड्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. भौतिकशास्त्राच्या मुलीने तत्त्वज्ञान किंवा अर्थशास्त्र शिकावं, ही कल्पना चांगलीच आहे. आमच्या विषयाला तर तिचा फायदाच. वडिलांची बदली झाली म्हणून नाशिकचा विद्यार्थी नागपूरला गेला, तर त्याचं झालेलं शिक्षण त्याच्या खात्यावर जमा राहावं, हेही योग्यच. श्रेयांकांच्या बँकेची, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची, मूळ कल्पना ही आहे.

आता माहितीपत्रकाकडे या. सगळ्यात ठळक शब्द कोणता? निवड. 'निवडीचं स्वातंत्र्य'. खाली तक्ता : मुख्य विषय, दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय. तक्ता भरगच्च आहे. पण निवड कशाला म्हणतात, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. समोर दोन दारं रंगवली आणि त्यांतलं एक भिंतीवरचं चित्र असेल, तर माणसाला दोन दारं आहेत असं आपण म्हणत नाही.

दार खरं आहे हे कसं कळणार? विषय शिकवायला माणूस आहे का, यावरून. त्या विषयाचा पूर्णवेळ अध्यापक आहे, की तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावपळ करणारा एक तरुण आहे, की 'पुरेसे विद्यार्थी आल्यास' असं बारीक अक्षरात लिहिलं आहे? माहितीपत्रकात विषयांची यादी असते, शिकवणाऱ्यांची नसते. असली तरी कायम कोण आणि तासिकेवर कोण, हे कळत नाही.

इथे योग्यानुपलब्धीची अट लावून बघा. ही माहिती तिथे असायलाच हवी होती का? हो. आणि ही आमची अपेक्षा नाही, हा नियम आहे. आयोगाची विद्यार्थी तक्रार निवारणाची २०२३ ची विनियमावली म्हणते, की प्रवेश सुरू होण्याच्या किमान साठ दिवस आधी माहितीपत्रक प्रसिद्ध करा. त्यात शुल्क, शुल्क परताव्याचे नियम आणि वसतिगृहाचा तपशील द्या. अध्यापकांची अर्हता द्या आणि ते नियमित आहेत की अभ्यागत, तेही लिहा. ही तरतूद तक्रार निवारणाच्या नियमांत आहे, हे लक्षात घ्या. नियम करणाऱ्याला ठाऊक होतं, की विद्यार्थ्याच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा जून महिन्यात न सांगितलेल्या गोष्टीत असतं.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. मुख्य विषय कला शाखेचा, दुय्यम विषय दुसऱ्या शाखेचा. एकाचे तास सकाळी साडेसातला, दुसऱ्याचे दुपारी तीनला. कागदावर जमतं. पण एसटीचा सवलतीचा पास काढून वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीची शेवटची गाडी साडेतीनला असेल, तर तिचा दुय्यम विषय कोण ठरवतो? एसटीचं वेळापत्रक. विषय निवडण्याआधी वेळापत्रक दाखवणारं माहितीपत्रक आम्हाला अजून दिसलेलं नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. बाहेर पडण्याचा. नव्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर पदविका, आणि तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा. सगळं मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. पूर्वी मधेच शिक्षण सुटलं की हातात काही पडत नसे, 'बी.ए. पहिलं वर्ष' एवढाच शेरा आयुष्यभर राही. त्या मानाने ही सुधारणा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करू.

पण अट वाचा. प्रमाणपत्र हवं असेल तर ४० श्रेयांकांखेरीज उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. आता विचार करा, पहिल्या वर्षानंतर कॉलेज कोण सोडतं? ज्याचे वडील आजारी पडले तो. जिचं लग्न ठरलं ती. ज्याला दुकानात महिना आठ-दहा हजारांची नोकरी मिळाली आणि घराला ती नाकारणं परवडत नाही तो. यांच्यापैकी उन्हाळ्यात थांबून चार श्रेयांक कोण पुरे करील? ज्याला थांबणं परवडतं तोच. म्हणजे ज्याच्यासाठी हे दार केलं, त्याच्याच उंचीला ते बसत नाही. नियम करताना डोळ्यांसमोर कोणता विद्यार्थी होता, हे अशा अटीतून कळतं.

आणखी एक. पूर्वी अशा मुलाला आपण गळती म्हणत होतो. शब्द वाईट होता, पण त्यात एक कबुली होती. नळ गळतो तेव्हा दोष पाण्याचा नसतो. आता आपण त्याला 'निर्गमनाचा पर्याय' म्हणतो. पर्याय म्हटला की निर्णय विद्यार्थ्याचा झाला आणि संस्थेची जबाबदारी संपली. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या मुलीने पर्याय निवडला, असं म्हणणं ही भाषेची चलाखी आहे. निर्गमनाच्या अर्जावर कारणाचा रकाना असावा आणि त्या कारणांची बेरीज महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करावी, ही मागणी आम्हाला श्रेयांकांच्या हिशेबापेक्षा महत्त्वाची वाटते.

आता शेवटच्या पानांकडे. विद्यार्थी सेवा. वसतिगृह, शिष्यवृत्ती, समुपदेशन, कमवा आणि शिका, तक्रार निवारण. हे सगळं शेवटी का येतं? अभ्यासक्रम म्हणजे शिक्षण आणि सेवा म्हणजे वरची सोय, अशी समजूत त्यामागे आहे. ही समजूत आपल्या मातीतली नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभं केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. साताऱ्याचं महाविद्यालय आलं १९४७ मध्ये. आधी वसतिगृह, मग महाविद्यालय. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. वेळापत्रक हीसुद्धा एक विद्यार्थी सेवा आहे, हे त्यांना कळत होतं. या तिघांनीही आधी विचारलं, की हा मुलगा राहील कुठे, खाईल काय, येईल कधी. काय शिकेल हा प्रश्न त्यानंतरचा.

आज शिष्यवृत्तीच्या पानावर योजनांची नावं असतात. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार. योजना चांगल्या आहेत, नावं मोठी आहेत. पण महाडीबीटीवर अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा लागतो, आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर काय होतं, अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर अडकला तर कोणत्या टेबलावर जायचं, यातलं काहीही त्या पानावर नाही. हे सगळं ठाऊक असतं खिडकीमागच्या लिपिकाला. चांगला लिपिक असलेलं महाविद्यालय ही शेकडो मुलांच्या दृष्टीने चांगली संस्था असते, मग मूल्यांकनाची श्रेणी काहीही असो. त्या माणसाचा उल्लेख माहितीपत्रकात कुठेच नाही. पद रिकामं असेल तर त्याचाही नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी प्राचार्य म्हणतील : सर, पदं शासन भरत नाही, निधी येत नाही, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं. आम्ही काय करायचं? खरं आहे. जे हातात नाही त्याचा जाब त्यांना विचारणं अन्यायाचं होईल. पण खरं सांगणं हातात आहे. त्याला अनुदान लागत नाही. आमची टीका गरिबीवर नाही, गरिबी झाकणाऱ्या गद्यावर आहे. 'या विषयाला सध्या पूर्णवेळ अध्यापक नाही' हे एक वाक्य छापलं तर पालक चिडतील, कदाचित दोन प्रवेश कमी होतील. पण अशी पन्नास महाविद्यालयांची पन्नास वाक्यं एकत्र आली, तर तो शासनापुढचा सगळ्यात मजबूत पुरावा होईल. सगळं सुसज्ज असल्याचं आपणच छापलं, तर मागायला जाणार कोणत्या तोंडाने?

तेव्हा माहितीपत्रकात पाच गोष्टी हव्यात. एक, प्रत्येक विषयापुढे अध्यापक आणि त्याच्या नेमणुकीचा प्रकार. दोन, प्रवेशाआधी तात्पुरतं का होईना, वेळापत्रक. तीन, वसतिगृहात जागा किती आणि गेल्या वर्षी अर्ज किती आले. चार, गेल्या वर्षी किती जणांनी मधेच शिक्षण सोडलं, का सोडलं आणि आधी सोडलेले किती परत आले. पाच, शिष्यवृत्तीचं काम कोण बघतं आणि त्या खिडकीची वेळ काय. यातली पहिली गोष्ट तर नियमाने बंधनकारकच आहे.

आणि जे आज ऐकत आहेत, ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेलं कोणी आहे, त्यांच्यासाठी. प्रवेश अर्ज भरण्याआधी हे पाच प्रश्न लिहून न्या आणि खिडकीवर विचारा. उत्तर मिळालं नाही तर कोणी उत्तर दिलं नाही, ते तारखेसह लिहून ठेवा. मीमांसकांच्या हिशेबाने तेही ज्ञानच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी नव्या आराखड्यात प्रत्यक्ष एक-दोन वर्षं काढली आहेत, त्यांनी आधी बोलावं.