अंतरपाटाच्या पलीकडे

लग्नाचे चांगले छायाचित्र कोणते? जालन्याकडे याचे उत्तर बहुधा मंडपातल्या स्टेजवर शोधतात. पाहुणे ओळीने उभे, हातात आहेर, नजर कॅमेऱ्याकडे. असा फोटो म्हणजे हजेरीपटच!

एप्रिल २०२१ मध्ये महासाथीपायी महाराष्ट्र सरकारने लग्नाला २५ माणसे आणि २ तास एवढीच मुभा ठेवली. त्या दिवसांतल्या अंगणातल्या लग्नांचे फोटो पाहावेत. ओळ लावायला माणसेच नाहीत. म्हणून नवरीच्या पाठीशी उभ्या असलेल्या मामाचा चेहरा दिसतो, आजीच्या मुठीतल्या अक्षता दिसतात. गर्दी ओसरली, तशी माणसे दिसू लागली.

तरीही एक उणीव राहतेच. आपल्याकडे पुष्कळ घरांत मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आई समोर येत नाही. ती तुळशीला पाणी घालीत असते. अंतरपाट दूर होतो, कॅमेरा अक्षता टिपतो, आणि आई आल्बमातून सुटते. हजारांच्या मंडपात ती सापडणे कठीण, हे मान्य. पण अंगणात तुळस दहा पावलांवर असते. तिथेही कॅमेरा वळत नसेल, तर दोष गर्दीचा नव्हे, नजरेचा आहे.

एकाच वेळी दोन्हीकडे कसे पाहावे, असे कोणी विचारील. मंगलाष्टके काही क्षणभराची नसतात. एका कडव्यापुरती मान फिरवता येते. मात्र आईला आधी विचारावे, आणि दुरूनच टिपावे.

पुढे सासरी मुलगी आल्बम उघडते, ती आहेर मोजण्यासाठी नव्हे.