‘कोर्ट’मधली माणसं घरी जातात तेव्हा

विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, की माणसाचा वर्ग आणि त्याचं वागणं हा समाजशास्त्राचा विषय, त्यात तुम्ही सिनेमा कशाला आणता? समाजशास्त्रात तो आहेच. पण वर्ग ही गोष्ट तक्त्यात दिसते त्यापेक्षा जेवणाच्या ताटात, गाडीतल्या गाण्यात आणि ‘बसा ना’ असं कोण कोणाला म्हणतं त्यात जास्त दिसते. ते नीट दाखवणारा एक मराठी सिनेमा आपल्याकडे आहे. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसला दाखवला गेला, मग राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१५ मध्ये आपल्याकडे थिएटरात आला आणि भारताकडून ऑस्करलाही गेला. बक्षिसांची यादी इथंच सोडतो, कारण त्या बक्षिसांमुळेच या सिनेमाबद्दल एक ठरावीक वाक्य तयार झालं: ‘व्यवस्थेवरचं भेदक भाष्य’. हे वाक्य मला पटत नाही. व्यवस्था म्हटलं की आपण सगळे सुटतो. सिनेमा मात्र आपल्याला सोडत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतात, वस्त्यांमधून गातात. त्यांना अटक होते. आरोप असा, की त्यांचं एक गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. खटला चालतो, तारखा पडतात. कांबळेंची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक होते, २०२१ मध्ये कोविडनं गेले. गाणी संभाजी भगत यांची. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातला आवाज उसना नाही.

पण सिनेमाची खरी युक्ती वेगळीच आहे. कोर्ट उठलं की कॅमेरा खटल्यामागे जात नाही, माणसांमागे जातो. बचावाचा वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन आणि न्यायाधीश सदावर्ते, या तिघांच्या मागे तो त्यांच्या खासगी आयुष्यात शिरतो.

व्होरा सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेतो, गाडीत जॅझ ऐकतो. संध्याकाळी बारमध्ये बसतो, तिथं कोणीतरी परक्या भाषेत सुंदर गातंय. नूतन लोकलच्या बायकांच्या डब्यात बसते. साडीच्या गप्पा, नवऱ्याचा मधुमेह, मग ऑलिव्ह तेलाचा विषय. मुलाला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, टीव्हीसमोर बसलेल्यांना वाढते. दिवसभर कायद्याची कलमं वाचून आलेली बाई आहे ही. सिनेमा त्यावर एक शब्द बोलत नाही. फक्त पोळ्या होईपर्यंत थांबतो.

पिएर बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता. खेड्यातला, टपालखात्यात नोकरी करणाऱ्याचा मुलगा, पुढे पॅरिसच्या विद्वानांत जाऊन बसला. १९७९ साली त्याचं ‘डिस्टिंक्शन’ हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की आवडनिवड ही आपल्याला वाटते तितकी आपली नसते. कोणतं संगीत आवडतं, काय खावंसं वाटतं, कुठं अवघडल्यासारखं होतं, हे आपण वाढलो त्या घरानं आधीच शरीरात घातलेलं असतं. यासाठी तो ‘हॅबिटस’ हा शब्द वापरतो. त्याचे मराठी प्रतिशब्द शोधताना लोक फार दमतात. मला वाटतं, आपल्याकडे शब्द पूर्वीपासून आहे. ‘अंगवळणी पडणं’. अंगाला लागलेलं वळण. नुसतं ‘वळण’ म्हणालात तरी चालेल, पण मग लक्षात ठेवा की ‘त्या मुलीला वळण नाही’ हे वाक्य कोणत्या घरात, कोणत्या घराबद्दल बोललं जातं. वळण सगळ्यांनाच असतं. त्यातल्या एकालाच ‘चांगलं वळण’ म्हणायचा अधिकार मात्र ठरावीक घरांनी स्वतःकडे ठेवलाय.

आता न्यायाधीशांकडे बघा. एका बाईचं प्रकरण पुकारलं जातं. ती बिनबाह्यांचा पोशाख घालून आलीय, म्हणून साहेब सुनावणी पुढे ढकलतात. आवाज चढत नाही, अपमान करायचा हेतू नाही. नियम आहे, इतकंच. मी हा सिनेमा पाहिला तेव्हा या प्रसंगाला थिएटर हसलं. शेवटी सदावर्ते नातेवाइकांबरोबर रिसॉर्टवर सहलीला जातात. तिथं एका गृहस्थांचा मुलगा बोलत नाही, तर हे त्यांना नाव बदलायचा आणि खड्याची अंगठी घालायचा सल्ला देतात. तिथंही हशा. ‘बघा, न्यायाधीश आणि अंधश्रद्धाळू!’ पण मला या प्रसंगात श्रद्धेपेक्षा सल्ला जास्त दिसतो. आपण बोलायचं आणि समोरच्यानं ऐकायचं हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय, की खुर्ची उतरली तरी निकाल देणं थांबत नाही.

नूतनच्या बाबतीतही प्रेक्षक असाच घाई करतो. रविवारी ती कुटुंबाला घेऊन हॉटेलात जेवते, मग नाटकाला जाते. नाटकात मुलीनं आणलेला परप्रांतीय मुलगा आणि भडकलेला मराठी बाप. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, नूतनचं घरही हसतं. इथं शहाण्या प्रेक्षकाला वाटतं, सापडला खलनायक! मला तसं वाटत नाही. ती दुष्ट नाही. कांबळेंबद्दल तिच्या मनात राग नाही, हेच तर जास्त गंभीर आहे. सहकाऱ्यांशी बोलताना ती सहज म्हणून जाते, की द्यावी वीस वर्षं आणि मिटवावं एकदाचं, तेच तेच चेहरे बघून कंटाळा येतो. हे द्वेषाचं वाक्य नाही. संध्याकाळची लोकल गाठायची असलेल्या, घरी दुसरी पाळी वाट बघत असलेल्या माणसाचं वाक्य आहे. १८७६ सालचा नाट्यप्रयोगांवरचा कायदा ती एका सुरात वाचत जाते, तो सूरही तिथलाच. आपल्या थकव्याची किंमत दुसरा कोणीतरी तुरुंगात मोजतोय, हे तिला दिसत नाही. दिसेल अशा जागी ती कधी उभीच राहिलेली नाही.

आणि व्होरा? तो चांगला माणूस आहे. जामिनाचे पैसे स्वतः भरतो. पण बघा, चीज विकत घेताना कोणी हसत नाही. जॅझला कोणी हसत नाही. का? सिनेमा महोत्सवाला किंवा मल्टिप्लेक्सला जाणाऱ्या आपल्या बऱ्याचजणांना ते ‘सवय’ वाटतच नाही, ती ‘अभिरुची’ वाटते. ऑलिव्ह तेलाला हसू येतं, चीजला येत नाही. दोन्ही दुकानातल्याच वस्तू. ताम्हाणेनं हा सापळा मुद्दाम लावला की तो आपोआप लागला, मला सांगता येणार नाही. पण सिनेमा आपल्याला पकडतो तो इथं. व्होराच्या तोंडाला एका पंथाची माणसं काळं फासतात आणि पुढे आपण त्याला सलूनमध्ये फेशियल करून घेताना बघतो. त्याचा अपमान खरा आहे, त्याची भीती खरी आहे. फक्त धुऊन काढायची सोय त्याच्याकडे आहे.

आता वासुदेव पवारच्या बायकोची साक्ष. शर्मिला पवार. मला विचाराल तर सगळा सिनेमा या साक्षीभोवती उभा आहे. ती सांगते, नवरा उतरायच्या आधी दारू प्यायचा, नाहीतर तो वास सहन व्हायचा नाही. आत गॅस आहे का हे झुरळांवरून ओळखायचे. झुरळ वर आलं तर आत हवा आहे. साधनं काही दिलेली नव्हती. गॅसमुळं एक डोळाही गेला होता. हे ती कसं सांगते? रडत नाही, हात उडवत नाही. विचारलं तेवढंच, बारीक आवाजात. आणि न्यायाधीश ते ऐकून इंग्रजीतून लिहून घ्यायला सांगतात. तिचं वाक्य आणि टंकलेलं वाक्य यांच्यामध्ये काहीतरी गळून पडतं. झुरळ कदाचित राहतं. रोज उतरताना ते झुरळ शोधण्याची जी सवय, ती नाही राहत.

कायदा तर आहे. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, १९९३ पासूनच्या मृत्यूंसाठी. ‘कोर्ट’ त्याच वर्षीचा.

इथं तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, तुम्ही मघापासून वर्ग वर्ग करताय, जात कुठाय? बरोबर आहे. सिनेमा जातीचं नाव फारसं घेत नाही, पण मॅनहोलमध्ये कोण उतरतं हे आपल्यापैकी कोणालाच समजावून सांगावं लागत नाही. बोर्द्यू इथं अपुरा पडतो. फ्रान्समधला कामगाराचा मुलगा वळण बदलून, उच्चार सुधारून वर सरकू शकतो. निदान तशी गोष्ट सांगितली जाते. आपल्याकडे वळण बदललं तरी आडनाव पुढे चालत येतं. नुसत्या कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं होतं. नूतन मध्यमवर्गीय आहे, थकलेली आहे, पण झुरळ शोधायची वेळ तिच्यावर येणार नाही. हा फरक पगाराचा नाही.

सिनेमावर माझी एक तक्रार आहे. व्होरा शर्मिलाला गाडीतून घरी सोडतो. वाटेत ती त्याला काही काम असेल तर सांगा म्हणते. दया नको, काम. सगळ्या सिनेमात मला हे वाक्य सगळ्यात ताठ वाटतं. ती उतरते, आणि कॅमेरा गाडीपाशीच राहतो. तिघा कायदेवाल्यांच्या घरच्या, सुट्टीच्या गोष्टी आपण बघितल्या. कांबळेंची खोली निदान सुरुवातीला बघितली. शर्मिलाच्या घरी चूल कशी पेटते, ती कोणाशी भांडते, कशाला हसते, काहीच कळत नाही. ती साक्षीदार म्हणून येते आणि साक्षीदार म्हणूनच जाते. काहीजण म्हणतात, हा दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा आहे. जिथं आपण राहिलो नाही तिथं खोटं शिरायचं नाही. यात तथ्य आहे. गरिबीच्या खोल्यांत घुसून हुंदके गोळा करणारे सिनेमे आपण पुष्कळ पाहिलेत. तरी मला वाटतं, कॅमेऱ्याला कुठं सहज जाता येतं आणि कुठं तो दारातच थांबतो, हेसुद्धा वळणच आहे. झोपलेल्या न्यायाधीशांजवळ तो किती निवांत बसलाय बघा. मुलं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. या झोपेला सिनेमानं जेवढा वेळ दिलाय, त्याच्या निम्मा जरी शर्मिलाच्या घरी घालवला असता तर कसा सिनेमा झाला असता, याचा विचार मी करत राहतो.

माझी वेळ संपलीय, घंटा वाजली. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांचे प्रश्न आधी घेऊया.